पुढची तारीख

"सकाळी एवढं रक्त काढलं, आता परत कशाला?" आबांनी नर्सला विचारलं. पण विचारता विचारताच त्यांनी हात पुढे केला होता. लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

"डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा. मूठ आवळा."

मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. आबांच्या छातीला तारा चिकटवल्या होत्या. कोर्टात घालायचा पांढरा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. सकाळी गावातून जीपने अमळनेरला येताना त्यांनी अचानक माझा हात घट्ट धरला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालंय," एवढंच बोलले. जीपवाल्याने आम्हाला सरळ डॉक्टर तडवींच्या दवाखान्यात आणून सोडलं. तिथे गोळ्या दिल्या, सलाईन लावलं, आणि हळूहळू ते पोतं उतरलं. आता आबा चांगले बोलत होते. हीच पंचाईत होती.

डॉक्टर तडवी पडदा सारून आत आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण घाईत बोलायची त्यांना सवय नव्हती.

"हे बघा बाबा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. ट्रोपोनिन म्हणतात त्याला. सकाळी तो काठावर होता. धड कमी नाही, धड जास्त नाही. तुमचा कार्डिओग्रामही तसाच संशयाचा. आता परत बघायचं. आकडा चढला नसेल तर मीच तुम्हाला घरी पाठवीन."

"आणि चढला असेल तर?"

"तर तो किती चढलाय त्यावरून पुढचं ठरेल. सोबत आणखी एक तपासणी पाठवतेय. हृदयावर ताण किती पडलाय ते तिच्यात कळतं. दोन्ही मिळून पेशंटचं पुढे काय होईल याचा अंदाज येतो."

"म्हणजे जगतो का मरतो याचा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "अंदाज म्हटलं मी," त्या म्हणाल्या.

"किती वेळ लागेल?"

"तासाभरात रिपोर्ट येईल."

"मग तेवढ्यात मी जाऊन येतो." आबा उठून बसले आणि छातीवरची एक तार स्वतःच्या हाताने काढली.

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. मला माहीत होतं की ती थट्टा नव्हती.

त्या दिवशी दुपारी कोर्टात आबांची उलटतपासणी होती. खटला माझ्या चुलतभावावर होता, हेमराजवर. आबांच्या सख्ख्या मोठ्या भावाचा तो एकुलता एक मुलगा. मोठ्या काकांना सगळा गाव जिभाऊ म्हणायचा आणि आम्हीही तेच म्हणायचो. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत. पुढच्या बाजूला आबांची पिठाची गिरणी, मागच्या बाजूला दोन्ही घरांचं मिळून एक अंगण. मी हेमराजला माझं लग्न होईपर्यंत दर वर्षी राखी बांधली होती.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हेमराजची बायको योगिता स्वयंपाकघरात जळाली. स्टोव्ह भडकला असं घरच्यांनी सांगितलं. धुळ्याच्या दवाखान्यात दोन दिवस ती होती, पण तिला एक शब्दही बोलता आला नाही. घरात त्या वेळी हेमराजशिवाय कोणी नव्हतं. किंकाळी ऐकून पहिले धावले ते आबा. आणि आबांनी पोलिसांना सांगितलं की, दाराला बाहेरून कडी होती आणि हेमराज अंगणात उभा होता.

तेव्हापासून त्या भिंतीच्या पलीकडून आबांशी कोणी बोललं नव्हतं. भाऊबंदांनी दळण दुसऱ्या गिरणीत न्यायला सुरुवात केली. माझी आई आधीच गेलेली. मी धुळ्याला सासरी. आबा एकटे रांधायचे, एकटे जेवायचे. मी किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चला. "खटला होऊ दे," एवढंच त्यांचं उत्तर.

मागच्या तारखेला सरकारी वकिलांनी त्यांचं सगळं म्हणणं नोंदवून घेतलं होतं. उरली होती ती आरोपीच्या वकिलाची उलटतपासणी. ते देवरे वकील तीनदा पुढची तारीख मागून बसले होते. सरकारी वकील भोळे साहेबांनी आबांना माझ्यादेखत समजावलं होतं, "उलटतपासणी झाल्याशिवाय तुमची साक्ष अर्धी आहे, खैरनार. मधेच तुम्ही फिरलात, गाव सोडून गेलात किंवा काही झालं तुम्हाला, तर तिला कवडीची किंमत नाही. आणि कडी बघणारे तुम्ही एकटेच."

"आबा, आजची तारीख पुढे ढकलू," मी म्हटलं. "दवाखान्यात आहात म्हटल्यावर कोर्ट काय नाही म्हणणार आहे?"

"कोर्ट कशाला नाही म्हणेल? देवरे तर पेढे वाटेल."

डॉक्टर तडवींनी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगा ना यांना."

मी सांगितलं. रागावले, रडले. आबांनी शर्ट चढवला. हातातल्या सुईमुळे बटणं लागेनात, म्हणून शेवटची दोन मी लावली. स्वतःच्या जबाबदारीवर जातोय अशी सही त्यांनी केली. हातातली सलाईनची सुई मात्र डॉक्टरांनी काढू दिली नाही. तिच्यावर पट्टी गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "फोन हातात ठेवा. रिपोर्ट आला की मी लगेच करते. आणि बोलावलं की निघायचं, तिथे काहीही चालू असो."

मी मान हलवली.

आम्ही रिक्षात बसलो. मी म्हटलं, "जी गेली ती गेली, आबा. ती काही परत यायची नाही. तुम्ही कोणासाठी हे करताय?"

ते बाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी आहे का गं?" मी बाटली दिली. दोन घोटांच्या वर त्यांना पाणी गेलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात जिभाऊ भिंतीला टेकून बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर दोन्ही हात. आम्ही समोरून गेलो तेव्हा त्यांनी आबांच्या हातावरची पट्टी पाहिली. हेमराज पोलिसांबरोबर बाकावर बसला होता. जामीन मिळाला नव्हता, तो पार सुकला होता. त्याने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

पुकारा झाला. आबा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. मी मागच्या बाकावर बसले. जिभाऊ आत येऊन दुसऱ्या टोकाला बसले.

देवरे वकील उंच, गोड आवाजाचे. सुरुवातीला त्यांनी आबांचं नाव, वय, धंदा विचारला, जणू ओळख करून घ्यायची होती.

"गिरणीचा आवाज केवढा असतो हो, खैरनार?"

"मोठा असतो."

"शेजारी बोललेलं ऐकू येत नाही."

"नाही येत."

"मग भिंतीपलीकडची किंकाळी तुम्हाला ऐकू आली कशी?"

"गिरणी बंद होती. लाईट गेली होती."

"अच्छा. लाईट गेली होती. म्हणजे अंधार होता."

"होय."

"संध्याकाळची वेळ, लाईट नाही, आणि दाराला कडी बाहेरून होती का आतून, हे तुम्हाला दिसलं?"

"दिसायचा प्रश्न नाही. मीच काढली कडी."

"हेमराज अंगणात होता हेही अंधारात दिसलं?"

"दार उघडल्यावर दिसला," आबा म्हणाले. "ती पेटलेली होती, साहेब. उजेड भरपूर होता."

लिहून घेणाऱ्या बाईंची बोटं थांबली होती. न्यायाधीश साहेब हळू आवाजात म्हणाले, "घ्या, लिहून घ्या."

त्याच वेळी माझ्या मुठीत फोन थरथरला.

मी व्हरांड्यात पळाले.

"ज्योत्स्नाताई, रिपोर्ट आलाय," डॉक्टर तडवी म्हणाल्या. "ट्रोपोनिन सकाळच्या कितीतरी पट झालंय. झटका आहे, आणि छोटा नाही. दुसरी तपासणीही फार वाढलेली आहे. त्यांना पटकन आणा. मी ॲम्ब्युलन्स सांगून ठेवलीय, इथून धुळ्याला हलवायचं."

"डॉक्टर, ते बोलताहेत. उभे आहेत. चांगले दिसताहेत."

"दिसण्यावर जाऊ नका. म्हणून तर रक्त तपासतात." त्या थांबल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून शब्दाला शब्द विसरले नाही. "तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. त्यांचं वय, साखर आणि हे दोन आकडे एकत्र धरले, तर अशा दहांतले तीन-चार जण महिना काढत नाहीत. उपचार मिळूनही. आणि उशीर झाला तर त्याहून जास्त."

फोन बंद केला तेव्हा जिभाऊ माझ्या मागे उभे होते.

"काय म्हणतात डॉक्टर?"

तीन वर्षांत त्यांनी माझ्याशी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मी सांगून टाकलं. सांगायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

जिभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी माझा दंड धरला. "घेऊन जा त्याला, पोरी. आत्ताच्या आत्ता घेऊन जा. साक्ष काय, पुढच्या तारखेला होईल. माणूस राहिला पाहिजे. मी देवरेंना सांगतो अर्ज द्यायला. ते एका मिनिटात देतील."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्या डोळ्यांकडे पाहत राहिले. हेच मलाही हवं होतं. आबांना पिंजऱ्यातून उतरवायचं आणि न्यायचं. त्यासाठी मला आता भांडायचीसुद्धा गरज नव्हती, समोरचा वकीलच ते काम करणार होता.

आम्ही आत गेलो. जिभाऊ देवरेंच्या कानाला लागले. देवरेंनी लगेच कागद बाजूला ठेवले.

"साहेब, एक विनंती आहे. आत्ताच समजलं की साक्षीदाराची प्रकृती गंभीर आहे. दवाखान्यातून ते थेट इथे आलेत, त्यांच्या हाताला सुईसुद्धा तशीच आहे. माणुसकी म्हणून तरी आजची तपासणी तहकूब करावी आणि पुढची तारीख द्यावी. आमची काही हरकत नाही."

सरकारी वकील भोळे अर्धवट उठले आणि परत बसले. आजारी माणसाला उभं ठेवा, असं ते कोणत्या तोंडाने म्हणणार?

न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं प्रकृतीचं?"

"त्यांची मुलगी इथे आहे, साहेब."

"बाई, पुढे या. डॉक्टर काय म्हणाले?"

मी पुढे गेले. आबा माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. मी खाली बघून बोलायला लागले, की झटका आला आहे, रक्तातला आकडा खूप वाढला आहे, ताबडतोब हलवायला सांगितलंय.

"धोका कितपत आहे असं म्हणाले?"

मी थांबले. एवढ्यावर थांबता आलं असतं. 'खूप आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"ज्योत्स्ना," आबा म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते सांग. कमी नको, जास्त नको."

मी सांगितलं. दहांतले तीन-चार महिना काढत नाहीत, उशीर झाला तर त्याहून जास्त. माझ्या बापासमोर, जिभाऊंसमोर, हेमराजसमोर, भर कोर्टात. सांगताना माझा आवाज नीट होता, याचं मला आजही नवल वाटतं.

आबांनी ते एखाद्या दुसऱ्याचं ऐकावं तसं ऐकलं. मग त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं.

"साहेब, पुढची तारीख कधीची द्याल?"

साहेबांनी शेजारी विचारलं. "दीड महिन्यानंतरची मिळेल."

"मग मला ती नको. पोरगी काय म्हणाली ते तुम्ही ऐकलं. मी असेन का नसेन, कोणी सांगावं? आज आहे. आज विचारा."

"खैरनार, गरज पडली तर दवाखान्यात येऊनही साक्ष नोंदवता येते."

"शुद्ध असली तर येते, साहेब."

साहेबांनी चष्मा परत लावला. मग मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

माझ्या तोंडात शब्द तयार होता. 'घेऊन जाते' म्हणायचं होतं. मी आबांकडे पाहिलं. विनवणी नाही, राग नाही, ते फक्त थकलेले होते आणि वाट बघत होते. लहानपणी गिरणीत दळणाचे डबे उचलताना मी धडपडायची, तेव्हा ते मदतीला न येता असेच बघत उभे राहायचे.

"लवकर संपवा, साहेब," मी म्हटलं. "ॲम्ब्युलन्स इथेच बोलावते."

साहेबांनी आबांना खुर्ची द्यायला लावली. देवरेंना म्हणाले, "थोडक्यात विचारा, वकीलसाहेब. तुमची तहकुबीची विनंती मी नाकारतोय."

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. त्या माझ्यावर ओरडल्या. त्यांचं चुकत नव्हतं. मी परत आले तेव्हा देवरेंचा आवाज बदललेला होता. गोडवा गेला होता.

"तुमचं आणि तुमच्या भावाचं गिरणीच्या जागेवरून भांडण होतं."

"होतं. दहा वर्षांपूर्वी मिटलं."

"मनातून मिटलं नव्हतं. म्हणून तुम्ही पुतण्याला अडकवताय."

"नाही."

"योगिताचे वडील तुमचे मित्र. लहानपणापासूनचे."

"होय."

"हे स्थळ आणलं कोणी?"

आबांनी खुर्चीचा हात धरला. "मी."

मी चमकले. लग्न जिभाऊंनी जमवलं, अशीच माझी समजूत होती.

"म्हणजे मुलगी गेल्यावर मित्राला तोंड दाखवायला तुम्हाला कोणीतरी दोषी हवा होता. खरं ना?"

"मित्र माझं तोंड बघत नाही, साहेब. तीन वर्षं झाली. मीच त्याला म्हणालो होतो, भिंतीपलीकडे देतोस म्हणजे माझ्या घरात देतोस. मी लक्ष ठेवीन."

देवरेंना वाटलं, सापडलं. ते एक पाऊल पुढे आले. "आणि इतकं लक्ष ठेवूनही तुम्हाला कधी काही गैर दिसलं नाही. सगळं सुरळीत होतं. बरोबर?"

भोळे साहेबांनी मान वर केली.

आबांच्या कपाळावर सकाळसारखा घाम आला होता. मी उठून उभी राहिले. त्यांनी हातानेच मला बस म्हणून खुणावलं.

"दिसलं," ते म्हणाले. "ती जळाली त्याच्या आठ दिवस आधी गिरणीत आली होती. दळणाचा डबा घेऊन. डबा रिकामा होता. हेमराज ट्रॅक्टरसाठी बापाकडून पैसे आण म्हणून मारतो, असं म्हणाली. पाठ दाखवली तिने मला. सुनेने सासऱ्याला पाठ दाखवावी, अशी वेळ आली होती तिच्यावर. काका, मला माहेरी पोचवा, म्हणाली."

"मग?" देवरेंच्या तोंडून गेलं. त्यांना ते विचारायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं.

"मी नाही पोचवली. म्हटलं, भावाच्या घरात भांडण नको. थोडं सहन कर, पोरी, मी हेमराजशी बोलतो. तिचा डबा मी भरून दिला आणि तिला परत पाठवलं."

"बोललात हेमराजशी?" हा प्रश्न न्यायाधीशांचा होता.

"नाही, साहेब. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो."

देवरे खाली बसले. "आणखी काही विचारायचं नाही," म्हणाले.

रिक्षात मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. तीन वर्षं आबा जे कोणाजवळ बोलले नव्हते, माझ्याजवळही नाही, ते त्यांनी टाइप करणाऱ्या बाईंना लिहून घेता यावं म्हणून थांबत थांबत सांगितलं.

साक्ष वाचून दाखवली. आबांनी प्रत्येक पानाखाली सही केली. शेवटची सही वाकडी गेली. पेन ठेवताना ते म्हणाले, "ज्योत्स्ना, परत ते पोतं," आणि खुर्चीतच एका बाजूला कलले.

त्यांना उचलणाऱ्यांत जिभाऊ होते. मला आठवतं, त्यांची टोपी खाली पडली होती आणि ती कोणाच्या तरी पायाखाली आली.

धुळ्याच्या दवाखान्यात आबा तीन दिवस होते. रोज रक्त घ्यायचे. दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिन उतरायला लागलं तेव्हा मी नवऱ्याला आनंदाने फोन केला. पण तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की ते तर उतरणारच, इजा होऊन गेली की उतरतं. दुसरा आकडा बघा. तो उतरत नव्हता. हृदय थकलं होतं. फुप्फुसांत पाणी भरत होतं.

डॉक्टर तडवी आपला दवाखाना सोडून एकदा बघायला आल्या. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, "तुमच्या फोननंतर लगेच आणलं असतं तर वाचले असते?"

"मला खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "वाचलेही असते. किंवा इथेच असे असते. दहांतले तीन-चार म्हणजे सहा-सात जगतातच की. तुमचे आबा कुठल्या बाजूचे होते, हे तो आकडा सांगत नाही. तेव्हाही सांगत नव्हता."

"मी तुमचं म्हणणं तसंच सांगितलं कोर्टात."

"मला कळलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिभाऊ आले. काचेबाहेर उभे राहिले. आबांनी त्यांना पाहिलं आणि मला म्हणाले, "आत घे त्याला." जिभाऊ आत आले, स्टुलावर बसले. तोंडावरच्या मास्कमुळे आबांना बोलणं जड जात होतं.

"झोप लागते का?" जिभाऊंनी विचारलं.

"नाही लागत. मशीन वाजतं सारखं."

"गिरणीत बरी लागायची तुला."

आबा मास्कच्या आत हसल्यासारखे झाले. मग म्हणाले, "भाऊ, हेमराजला वकील चांगला दे. अपिलात उपयोगी पडेल."

जिभाऊंनी चेहरा ओंजळीत झाकला. आबांनी डोळे मिटले. संध्याकाळच्या आत ते गेले.

गावात स्मशानात न्यायला जिभाऊंशिवाय भाऊबंदांतलं कोणी आलं नाही. माझा नवरा, दीर, भोळे साहेब आणि जिभाऊ, असे चार खांदे मिळाले. योगिताचे वडील स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे होते. आत आले नाहीत, पण सगळं होईपर्यंत गेलेही नाहीत.

निकाल लागायला पुढे सव्वा वर्ष गेलं. हेमराजला दहा वर्षांची शिक्षा झाली. कडीपेक्षाही त्या आठ दिवस आधीच्या बोलण्याचा उपयोग झाला, असं भोळे साहेब म्हणाले. सरकारी वकिलांनी आधी घेतलेल्या सरतपासणीत आबांनी ते सांगितलंच नव्हतं. बहुधा त्यांना लाज वाटली असावी. देवरेंनी विचारलं म्हणून ते निघालं.

निकालानंतर हेमराजला घेऊन गाडी गेली. व्हरांडा रिकामा झाला. जिभाऊ त्याच भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आता त्यांच्या घरात ते एकटे होते, आणि भिंतीच्या अलीकडचं आमचं घर मी बंद केलं होतं.

"त्या दिवशी इथेच तुला म्हणालो होतो," जिभाऊ म्हणाले. "घेऊन जा त्याला, माणूस राहिला पाहिजे. आठवतं?"

"आठवतं."

"तुला काय वाटलं तेव्हा? कोणासाठी म्हणालो मी?"

मी विचार केला. त्यांचे ते पाण्याने भरलेले डोळे मी विसरले नव्हते. खोटे नव्हते ते. "दोघांसाठी," मी म्हटलं. "पोरासाठी आणि भावासाठीही."

जिभाऊंनी मान हलवली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाही, पोरी," ते म्हणाले. "तू डॉक्टरांचं सांगितलंस आणि मला आधी तारीखच दिसली. तो मेला तर साक्ष अर्धी राहील, हेच मनात आलं. भाऊ नंतर आठवला."